घरातलं पोर नशेत अडकलंय: कोल्हापूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिते. माझा धाकटा भाऊ एकविसाव्या वर्षी एमडी नावाच्या नशेत अडकला. ते कळायला आम्हाला आठ महिने लागले आणि कबूल करायला आणखी सहा. तो सावरतोय हे कानोकानी झालं तसे ओळखीच्या, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्या घरांतून फोन यायला लागले. फोन बहुतेक दुपारी येतात, घरातले पुरुष बाहेर असताना, आणि बोलणारी बाई आवाज खाली घेऊन बोलत असते. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचे लिहून काढले. औषधांबद्दल जे लिहिलंय ते भावाच्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारलेलं आहे. तुमच्या माणसाचं औषध मात्र त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

पोरगं नशा करतंय हे ओळखायचं कसं?

कुठली नशा, त्यावर आहे. गांजा असेल तर डोळे लाल, कपड्यांना वास, अवेळी भूक, कशातच मन नाही. झोपेच्या गोळ्या किंवा खोकल्याचं औषध असेल तर भरदुपारी पेंग, जीभ जड आणि कपाटामागे रिकाम्या पट्ट्या-बाटल्या. एमडी म्हणजे मेफेड्रोन, त्याचं उलटं. ते माणसाला पळवतं. दोन-दोन रात्री झोप नाही, जेवण नाही, तोंडाची टकळी चालू, जबडा आवळलेला, नाकातून पाणी नाहीतर रक्त. मग एकदम कोसळतो आणि दीड दिवस झोपतो. उठला की अंगावर येतो.

आमच्या घरी पहिली खूण दिसली ती पहाटे तीनला. खालून पाण्याचा आवाज आला म्हणून गॅलरीतून बघितलं, तर भाऊ बोळात उकिडवा बसून गाडी धूत होता. चाकाची एकेक तार टूथब्रशने घासत होता, आणि तारा आधीच चकचकीत झालेल्या. "झोप येईना म्हणून," म्हणाला. आईला कौतुक वाटलं. मला त्याचा गाल हलताना दिसला, तोंडात सुपारी नव्हती तरी चावणं चालूच होतं. मी बघितलं आणि आत जाऊन झोपले. ते चुकलंच.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघावी लागते, इंजेक्शन. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब घसरला तर वर आणायला डॉक्टर मेफेंटरमाईन वापरतात. तेच काही पोरं जिममध्ये किंवा भरतीच्या धावण्याआधी 'दम टिकतो' म्हणून टोचून घेतात. घरचे याला नशा म्हणतच नाहीत, कारण पोरगं दारूला शिवत नाही, दूध-अंडी खाऊन तब्येत करतंय. पण त्याचीही सवय लागते. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, संशयाने डोकं फिरतं. एकच सुई चौघांत फिरली असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी यांच्या तपासण्या करून घ्या. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही.

एकट्या एका खुणेवर निकाल देऊ नका. परीक्षेच्या दिवसांत झोप सगळ्यांचीच उडते. पण झोप, पैसा आणि दोस्त तिन्ही एकाच वेळी बदलले असतील, तर स्वतःची समजूत घालत बसू नका.

लघवी तपासायचं किट आणून घरीच खात्री करू का?

साध्या किटमध्ये एमडी बऱ्याचदा सापडतच नाही. उलट रोज गांजा ओढणाऱ्याचा गांजा सोडल्यावरही तीन-चार आठवडे दिसू शकतो. म्हणजे घेणारा सुटतो आणि सोडलेला अडकतो. संडासाच्या दाराशी बाप उभा आणि आत पोरगा नळाचं पाणी भरतोय, हा तमाशा आमच्याकडे एकदा झालाय. तपासणी डॉक्टरांवर सोडा.

पुडी हाताला लागली. आता त्याच्याशी काय बोलू?

तो नशेत असताना काहीही नाही. त्या वेळी तुम्ही त्याच्याशी बोलतच नसता. झोपून उठला, चहा झाला, घरात दोनच माणसं आहेत, अशी वेळ धरा आणि फक्त बघितलेलं सांगा. "तुझ्या पाकिटात हे मिळालं. बुधवारपासून तू झोपला नाहीस. आईच्या भिशीचे बारा हजार डब्यात नाहीत." विशेषणं लावू नका. नालायक, खानदानाचं नाव घालवलं, हे सगळं त्याने स्वतःला आधीच म्हणून झालेलं असतं.

आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, कानाखाली वाजवली. तो तीन दिवस घरी आला नाही, आणि त्या तीन दिवसांत आईनेच त्याला कुठूनतरी निरोप धाडून पाचशे रुपये पोचवले. म्हणजे मार पण मिळाला आणि माल पण.

"कुणी शिकवलं तुला?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. नाव कळून उपयोग काहीच होत नाही, दोन घरांत भांडण तेवढं लागतं. त्यापेक्षा बोलायला बसण्याआधीच डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा, म्हणजे "मग काय करू?" असं त्याने चुकून विचारलंच तर उत्तर तयार असतं. तो चुकून विचारतो, आणि एकदाच विचारतो.

त्याला आवाज ऐकू येत असतील, कुणीतरी मागावर आहे असं म्हणत असेल, हातात काही उचललं असेल, तर वाद घालू नका. लहान पोरांना दुसऱ्या खोलीत न्या आणि १०८ किंवा ११२ला फोन करा.

"मनात आणलं तर उद्या सोडेन," म्हणतो.

"मग आज सोडून दाखव," म्हणू नका. चार दिवस सोडून दाखवेल आणि पाचव्या दिवशी तुमचंच तोंड बंद होईल.

आपल्याकडे नाद हा शब्द कौतुकाचा आहे, त्यानेही घोळ होतो. फुटबॉलचा नाद, कबुतरांचा नाद, गाडीच्या मागे 'नाद खुळा'. पोराला कसलातरी नाद आहे म्हटलं की आपल्याला बरंच वाटतं. पण नादात मजा असते म्हणून माणूस तो करतो. व्यसनातली मजा पहिल्या काही महिन्यांतच उडते. पुढे तो घेतो ते न घेतल्यावर जे होतं त्याच्या भीतीने. मेंदूतली आनंदाची यंत्रणाच तोवर त्या पदार्थाला जुंपलेली असते, म्हणून डॉक्टर याला आजार म्हणतात. हे कळायला मला फार वेळ लागला. मला तो निव्वळ माजलाय असंच वाटायचं.

माळ घातली, आदमापूरला बाळूमामांच्या देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली तर सुटेल का?

काहींची सुटते. माझ्या मामाने तुळशीची माळ घातली आणि बावीस वर्षं दारूला शिवला नाही. वारीची माणसं भेटतात, पहाटे उठणं येतं, गळ्यातल्या माळेची लाज असते. याला हसण्यासारखं काही नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने देवासमोर शपथ घेऊन एका दिवसात दारू बंद केली तर त्याला फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आणि शपथ मोडली की माणूस देवाला तोंड दाखवायला लाजतो, मग घरच्यांनाही दाखवत नाही, मग लपवून घेतो. माळ जरूर घाला, पण आधी केस पेपर काढा.

जेवणातून नकळत द्यायचं औषध असतं ना? एसटीत जाहिरात बघितली.

देऊ नका. दारूसाठी डायसल्फिराम नावाची गोळी आहे. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. माणसाला ठाऊक असतं म्हणून तो पीत नाही, हाच त्या गोळीचा उपयोग. नकळत दिली तर तो नेहमीसारखा पिणार आणि भाजीतलं औषध त्याला रस्त्यात आडवं करणार. हृदय कमजोर असेल तर बेतूही शकतं. पावडरच्या पुड्यांत काय असतं ते तर विकणाऱ्यालाही विचारू नका. आणि एमडी-गांजावर या गोळीचा काडीचा उपयोग नाही.

घरीच खोलीत ठेवून सोडवलं तर?

परत तेच, कुठली नशा?

दारू आणि झोपेच्या गोळ्या या दोन्ही घरी एकदम तोडणं धोक्याचं. दारू थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत हातपाय थरथरून माणूस भ्रमात जाऊ शकतो, भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत. तेव्हा तो दवाखान्यातच असायला हवा. ब्राऊन शुगर किंवा अफूच्या जातीच्या गोळ्या थांबल्या की अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या, हाडं ठणकतात. त्याने सहसा जीव जात नाही, पण सहन होत नाही म्हणून माणूस पळतो. त्यावर बुप्रेनॉर्फिनसारखी चांगली औषधं आहेत.

एमडी सोडताना अंगाला त्रास कमी आणि मनाला जास्त. भाऊ चार दिवस झोपला, नंतर दोन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून. "काय खातोस?" विचारलं तर "काय बी नको." या दिवसांत जीव द्यायचे विचार येतात. तो शांत झालाय म्हणून निर्धास्त होऊन घर सोडून जाऊ नका. गांजा सोडणाऱ्याला झोप लागत नाही आणि चिडचिड होते. काहींना आधीपासूनच भ्रम-संशय सुरू झालेला असतो, तो नुसता गांजा थांबवून जाईलच असं नाही.

कोल्हापुरात पहिल्यांदा जायचं कुठे?

सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात. मानसोपचार विभागाचा केस पेपर काढायचा आणि बाकावर बसायचं. शेजारी कोण बसलंय याची काळजी करू नका, त्यालाही तुमचीच काळजी असते. ऐपत असेल तर खासगी मानसोपचारतज्ज्ञ बरेच आहेत. जाताना बरोबर काय घेतो, कधीपासून, किती, हे एका कागदावर लिहून न्या. बोलायची वेळ आली की आई रडते आणि बाप 'कधीतरी घेतो' म्हणतो.

आधी फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४४६. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस, १४४१६. त्यावर मराठीत बोलता येतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून चालू आहे, आपल्याकडची बरीच माणसं तिथेही जातात. गाव सोडून लांब जाण्याचा एक फायदा असतो, दोस्त भेटायला येत नाहीत.

दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल का?

या भीतीने लोक वर्ष-वर्ष घालवतात. उपचाराला आलेल्या माणसाची माहिती गुप्त ठेवणं ही डॉक्टरांची जबाबदारी आहे, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो रुग्णाचा हक्कच केलाय. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात नुसत्या सेवनालाही शिक्षा आहे, पदार्थ बघून सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. पण त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात सोय आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर त्याबद्दल खटला चालवत नाहीत. उपचार अर्ध्यात टाकून पळाला तर मात्र ही सवलत काढून घेता येते. कागदपत्रं जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा.

खरी भीती दुसरीकडे आहे. एमडीचं २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि ५० ग्रॅमच्या वर व्यापारी, ज्याला किमान दहा वर्षं आहेत. स्वतःचा खर्च भागवायला पोरं चार दोस्तांसाठी आणायला लागतात. "मी विकत नाही, नुसतं आणून देतो," असं माझा भाऊ म्हणायचा. कायद्यात आणून देणं हे देणंच. त्याच्या आधीच त्याला उपचाराला नेलं तर बरं.

तो तयारच नाही. केंद्राची माणसं रात्री घरी येऊन घेऊन जातात म्हणे, तसं करावं का?

आम्ही केलं. केंद्राचं नाव लिहीत नाही.

रात्री साडेअकराला जीप आली. चौघे उतरले. भाऊ अंथरुणात होता. त्याला उचलला, टॉवेलने हात बांधले आणि जिन्यातून खाली नेला. एक चप्पल जिन्यातच राहिली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून परत लावलं. तो मला एवढंच म्हणाला, "आक्का, तू पण?" आईने ती चप्पल उचलून देवघराखाली ठेवली आणि दीड महिना कुणाला हलवू दिली नाही.

त्या दीड महिन्यात आम्हाला फोन करू दिला नाही. "आवाज ऐकला की बिघडतोय," असं सांगायचे. पैसे मात्र दर महिन्याच्या एक तारखेला मागायचे. मी एकदा न सांगता जाऊन धडकले. एका हॉलमध्ये तीसेक माणसं जमिनीवर, दाराला बाहेरून कुलूप, आणि डॉक्टर कधी येतात याचं उत्तर तिघांनी तीन तऱ्हेचं दिलं. भावाच्या पाठीवर वळ होते. "आक्का, मला हितनं घेऊन चल." आणला. अकराव्या दिवशी त्याने परत घेतली. पुढचे सात महिने उपचार हा शब्द काढला की तो चप्पल घालून निघून जायचा. मारझोडीपेक्षा हे नुकसान मोठं होतं.

कायदा काय म्हणतो ते मला नंतर कळलं. व्यसनातून होणारा मानसिक त्रास २०१७च्या कायद्याखाली येतो. माणसाची तयारी नसताना दाखल करता येतं, पण त्याला अटी आहेत. त्याने स्वतःला इजा करायची धमकी दिलेली किंवा प्रयत्न केलेला असावा, दुसऱ्यावर हात उचललेला असावा, किंवा स्वतःला सांभाळण्याच्या स्थितीत नसावा. दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस दिवस. साखळीने बांधायला कुठल्याही प्रकारे बंदी. चौघांनी जीप घेऊन येणं यात कुठेच बसत नाही.

म्हणून आता फोन आला की मी सांगते, नोंदणीचा कागद दाखवा म्हणा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा आणि त्यांचं नाव मागा. भेटायला कधी येऊ देतात? झोपायची जागा, संडास दाखवतात का? "आधी पेशंट आणा, मग बघू," म्हणाले की पुढे बोलू नका.

आणि तो तयार होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. घरच्यांनी आधी जायचं. आम्ही सात महिन्यांतले शेवटचे तीन त्याच्याशिवायच डॉक्टरांकडे जात होतो, मी आणि आई. घरात बदल दिसायला लागला तसा एके दिवशी तोच म्हणाला, "काय सांगतोय तो डॉक्टर माझ्याबद्दल?"

चांगल्या केंद्रात आत नेमकं काय करतात?

पहिले आठ-दहा दिवस शरीर सावरणं. औषधं, झोप, जेवण. त्यानंतर लवकर उठणं, व्यायाम, सगळ्यांनी मिळून झाडलोट, गटात बसून बोलणं, एकट्याने समुपदेशकाशी बोलणं, डायरी लिहिणं. बाहेरून बघणाऱ्याला हे शाळेच्या शिबिरासारखं वाटतं. पण ज्याने दोन वर्षं दुपारी चारला दिवस सुरू केला, त्याला सकाळी वेळेवर दात घासणं हेच मोठं काम असतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस आणि नार्कोटिक्स अनॉनिमसच्या सभाही होतात. तिथे बोलणारे सगळे त्यातून गेलेले असतात. भावाने पहिल्यांदा कुणाचं ऐकलं असेल तर ते तिथल्या पंचावन्न वर्षांच्या एका ट्रकड्रायव्हरचं.

त्या दुसऱ्या केंद्रातल्या पहिल्या भेटीला आई डिंकाचे लाडू घेऊन गेली. दारातल्या माणसाने डबा उघडला आणि एकेक लाडू दोन तुकडे करून बघितला. अकरा लाडू. आई बघत राहिली. मला वाटलं आता ही भांडणार. शेवटच्या लाडवाला ती म्हणाली, "हां, ह्योबी फोडा." मागे एकदा ती स्वतः त्याच्या डब्यात पैसे लपवून द्यायची, ते तिला आठवलं असावं.

खर्च किती येतो?

सरकारी दवाखान्यात किरकोळ. सरकारी अनुदानावरच्या केंद्रांत उपचार मोफत असतात, पण जागा थोड्या. खासगीत जागेप्रमाणे फार फरक. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा, बहुतेकांत व्यसनावरचा उपचार वगळलेला असतो. सोनं मोडण्याआधी सीपीआरची पायरी चढा.

पैसे मागतो. नाही दिले तर चोरी करेल, दिले तर नशा करेल. काय करायचं?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे, आणि सगळ्यात जास्त चुका आम्ही इथेच केल्या.

त्याने मित्राकडून आठ हजार उसने घेतले, आण्णांनी फेडले. मोबाईल 'हरवला', नवा घेतला. गाडीचे कागद कुणाकडे तरी गहाण, मी माझ्या पगारातून सोडवले. कामावर गेला नाही की मी सुपरवायझरला फोन करायचे, "त्याला ताप आहे." चौदा महिन्यांत त्याला ताप किती वेळा आला याची मोजदाद नाही. भिशीचे पैसे गेले तर आईने बायकांना सांगितलं की माझ्याच हातून खर्च झाले. नशा त्याने केली, पण त्याची किंमत प्रत्येक वेळी आम्हीच भरत गेलो. त्याला कधी झळ लागलीच नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, "त्याला सोडायचं कारण तुम्ही कुठलं शिल्लक ठेवलंय?" मला राग आला होता. घरी येऊन वहीत हिशेब मांडला. मी दिवसभर दुसऱ्याचा गूळ मोजते, घरचा हिशेब पहिल्यांदा मांडला. दोन लाख एकतीस हजार.

मग ठरवलं. रोख हातात नाही. जेवण, दवाखाना, तपासणी, प्रवासाचं तिकीट हे आम्ही करणार. उधारी त्याची तो फेडेल. फोनपे त्याच्या मोबाईलवरून काढलं. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. आणि सगळ्यात अवघड, घरातल्या तिघांनी एकच उत्तर द्यायचं. आण्णा नाही म्हणाले की तो आईकडे, आई नाही म्हणाली की माझ्याकडे, मी नाही म्हणाले की पुण्याच्या आत्याकडे. आत्यालाही फोन करून खरं सांगावं लागलं.

चोरी केली त्याने. दोनदा. दुसऱ्या वेळी गॅसची टाकी. तरी दिले नाहीत. आई त्या रात्री जेवली नाही.

लोकांना काय सांगायचं?

आम्ही "पुण्याला कोर्सला गेलाय," असं सांगितलं होतं. मग कोर्स कसला, कुठला, नोकरी लागणार का, यावर रोज नवं खोटं. दुसऱ्या वेळी आई खालच्या काकूंना सरळ म्हणाली, "आजारी आहे. व्यसन लागलंय. उपचार चाललेत." काकू गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आमचं ह्यांचं पण बघायचं होतं, कुठं नेलंयसा?"

सगळ्या पेठेला दवंडी पिटायची गरज नाही. ज्यांच्याकडून तो पैसे घेऊ शकतो आणि ज्यांच्यासमोर तुम्हाला रोज खोटं बोलावं लागतं, एवढ्यांना खरं सांगितलं तरी पुरे.

लग्न करून दिलं तर जबाबदारीने सुधारेल, असं सगळे म्हणतात.

दुसऱ्याच्या पोरीला औषध म्हणून आणू नका.

मुलगी असेल तर?

पोरीचं घरचे जास्त लपवतात, त्यामुळे उपचार उशिरा मिळतो. स्त्रियांसाठी वेगळा विभाग आणि रात्री बाई कर्मचारी आहे का हे विचारूनच ठरवा. मुक्तांगणात स्त्रियांसाठी वेगळी सोय आहे. लग्न कसं जमणार हा प्रश्न नंतरच्या दिवसांसाठी ठेवा.

आमचंच काहीतरी चुकलं का?

चुकलं असेल. त्याने व्यसन लागलं असं नाही. एकाच घरात मी आणि तो वाढलो, एकाच ताटात जेवलो. डॉक्टर सांगतात, थोडं रक्तात असतं, थोडं वयात, थोडं संगतीत, थोडं आतल्या दुखण्यात. भावाचा गुडघा शाहू स्टेडियमवर एका सामन्यात गेला आणि पेठेच्या संघातलं त्याचं स्थान गेलं. त्यानंतर वर्षभर तो कशातच नव्हता. आम्हाला वाटलं, खेळ सुटला, आता अभ्यास करेल.

आईचा रक्तदाब त्या काळात वाढला, तो तसाच राहिलाय. घरच्यांचीही तब्येत बघायची असते. अल-अनॉनसारखे घरच्यांचे गट आहेत, केंद्रांतही पालकांच्या बैठका होतात. आण्णा तीन वेळा दारापर्यंत आले आणि बाहेर चहा पीत थांबले. चौथ्या वेळी आत आले.

घरी परत आल्यावर काय सांभाळायचं?

पहिले तीन महिने वाईट. सिमकार्ड बदला, पण ते त्याने स्वतः बदललं पाहिजे. रिकामा दिवस ठेवू नका. पगार सुरू झाला तर पहिले काही महिने घरच्या खात्यात, त्याच्याच संमतीने. दर आठवड्याला डॉक्टर किंवा सभा, पाऊस असला तरी. रंकाळ्याच्या ज्या कट्ट्यावर तो बसायचा, तिकडून भाऊ अजून जात नाही, लांबून वळसा घालतो.

अफूच्या जातीची नशा असेल तर एक गोष्ट त्याला आणि घरच्यांना ठणकावून सांगा. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचाच डोस परत घेतला तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो.

परत घेतली तर सगळं वाया गेलं का?

नाही. मधुमेहाची साखर परत वाढली तर आपण डॉक्टर बदलू, गोळी बदलू, माणसाला हाकलत नाही. इथेही बऱ्याच जणांना परत उपचार लागतात. भाऊ दुसऱ्या केंद्रातून आल्यावर पाचव्या महिन्यात एकदा घसरला. फरक एवढाच की या वेळी त्याने स्वतः सांगितलं, दुसऱ्याच दिवशी, जेवताना. आण्णांचा हात उचलला गेला, मग त्याच हाताने त्यांनी त्याच्या ताटात भाकरी वाढली. सकाळी आम्ही डॉक्टरांकडे होतो.

तुमचा भाऊ आता कसा आहे?

सव्वीसचा झाला. शिरोलीच्या एका फाउंड्रीत दिवसपाळीला आहे, रात्रपाळी नको असं त्याने स्वतःच सांगितलं. त्या दोन लाख एकतीस हजारांतले अठ्ठावीस हजार फेडलेत, माझ्या वहीत त्याच्याच अक्षरात नोंद आहे. संध्याकाळी पेठेतल्या बारक्या पोरांना फुटबॉल शिकवतो, गुडघ्याला पट्टा बांधून. गोळी एक चालू आहे.

रविवारी सकाळी गाडी धुतो. मी गॅलरीत चहा घेऊन उभी राहते. हातात फडकं आहे की टूथब्रश एवढं बघते, आणि आत जाते.